पाण्याची वाट

पाऊस उघडून दोन दिवस झालेले असतात. रस्ता वाळलेला, गाडीचं टप हाताला कोरडं लागतं, आणि दार उघडावं तर पुढची काच आतून धुरकट. बोट फिरवलं की बोट ओलं होतं. काच पुसायची, एसी लावायचा, निघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यामागोमाग येतो तो कुबट वास, आधी फक्त दार उघडताना जाणवणारा आणि मग हळूहळू कपड्यांना धरून घरापर्यंत पोचणारा. पायाखालचं कार्पेट चाचपलं तर कोरडं असतं. बरेच जण इथंच थांबतात आणि सुगंधी डबी आणून डॅशबोर्डवर लावतात. पण वरचं कापड कोरडं असण्याला काही अर्थ नाही. पाणी बसलेलं असतं त्याच्या खालच्या फोममध्ये. बोट-दोन बोटं जाडीचा तो थर काही लिटर पाणी पोटात घेतो आणि वर पत्ता लागू देत नाही. सगळ्यात खोलगट जागी, म्हणजे पाय ठेवतो त्या खळग्यात किंवा सीटच्या पुढच्या पायाशी, टाचेनं दाबून पाच-दहा सेकंद जोर तसाच ठेवला की पचपच आवाज होतो आणि कडेनं पाणी वर येतं.

गाडीत पाणी शिरतंय हे कळायला एवढं पुरतं. कुठून शिरतंय, हे कळायला चिकाटी लागते.

या शोधात घाई होते ती एका समजुतीमुळे: गाडी म्हणजे बंद डबा, आणि पाणी आत आलं म्हणजे डब्याला कुठंतरी भोक पडलं. गाडी तशी बनवलेलीच नसते. दाराची काच खाली-वर होते, तिच्या बाहेरच्या कडेला रबराची पट्टी असते. ती पट्टी पाणी बरंचसं निपटते, अडवत मात्र नाही. उरलेलं पाणी काचेवरून सरळ दाराच्या पोटात उतरतं. प्रत्येक पावसात, प्रत्येक गाडीत. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं असतात, त्यांतून ते बाहेर पडतं. सनरूफच्या काचेभोवतालचं रबरही पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतं. आत आलेलं पाणी एका पन्हाळ्यात जमतं आणि नळ्यांतून खाली जातं. वायपरखालच्या जाळीतून आत पडणाऱ्या पाण्याचीही तीच गत. म्हणजे गाडीत पाणी येणार हे गृहीत धरूनच त्याच्या बाहेर जाण्याची वाट आखून दिलेली असते. ही वाट बुजली की पाणी दुसरी शोधतं, आणि ती दुसरी वाट आपल्या कार्पेटमधून जाते. म्हणून पाणी दिसल्याबरोबर सीलंटची, म्हणजे फटी बुजवणाऱ्या चिकट लगद्याची, ट्यूब हातात घेणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. तो हमखास चुकीचं भोक बुजवतो, आणि कधीकधी जे भोक उघडं राहायला हवं नेमकं तेच.

शोधाला लागण्याआधी हे पाणी पावसाचंच आहे ना, ते पाहून घ्यावं. एसी चालू असताना आत भरपूर पाणी तयार होतं आणि एका नळीनं गाडीखाली ठिबकतं. ती नळी तुंबली तर तेच पाणी डॅशबोर्डखालून पायाशी उतरतं. पाऊस नसताना, दमट हवेत अर्धा तास एसी लावून गाडी उभी ठेवावी. खाली थारोळं साचलं नाही आणि आत ओल वाढली, तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. हीटरची जाळी फुटली तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतं: बोटांना बुळबुळीत लागतं, वास गोडसर असतो, काचेवर पुसता न येणारा तेलकट थर बसतो आणि बोनेटखालच्या टाकीतली पातळी उतरत जाते. तिसरी शक्यता फार कमी लोकांच्या ध्यानात येते. मागच्या काचेवर पाणी मारणारी नळी बहुधा बोनेटपासून निघून गाडीच्या पूर्ण लांबीतून मागे गेलेली असते. ती मध्येच कुठं निसटली किंवा मागच्या दाराच्या रबरी नळकांड्यात उघडमीट होऊन चिरली, तर बटण दाबलं की पाणी काचेवर न जाता टपाच्या आतल्या अस्तरात जातं. त्या पाण्याला साबणाचा वास असतो. हे तिन्ही प्रकार बाजूला पडले की मग पावसाचं पाहायचं.

आता कोरडं करणं आलं. हे कंटाळवाणं काम आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात. फोममध्ये जुनं पाणी असताना केलेल्या चाचणीला काडीची किंमत नाही, कारण गाडी उतारावर लावली की जुनंच पाणी सरकून नव्या जागी येतं आणि नवी गळती सापडल्याचा भास होतो. दाराखालच्या उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी वर ओढली की क्लिपांमधून सुटते. तिच्याखाली कार्पेटची कड मोकळी होते. कड उचलून खाली लाकडाचा ठोकळा सारावा. पूर्ण कार्पेट काढायचं तर सीट काढावी लागते, आणि तिथं घाई करू नये. सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, असतील तर ते एअरबॅगचे किंवा बेल्टचे असतात. आधी बॅटरीची ऋण तार काढायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मगच ते कपलर सोडायचे. सुटलेले असताना चावी फिरवायची नाही; फिरवली तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर जोडावा लागतो. पत्रा उघडा पडला की फडक्यानं लख्ख पुसून त्यावर कोरडा टिश्यू पेपर अंथरावा. डिकीच्या खळग्यात टाल्कम पावडर भुरभुरवावी. थेंब ज्या वाटेनं आला ती वाट पावडरवर रेघ होऊन उरते, आणि आपण झोपेत असताना पडलेल्या पावसाचीही हजेरी तिथं लागलेली असते.

साचलेलं पाणी एका जागी आणि शिरण्याची जागा भलत्याच टोकाला, हे या कामातलं रोजचं दुखणं. पाणी उताराकडे जातं हे खरं, पण वाटेत ते पत्र्याच्या घडीला चिकटून आडवंही जातं, वायरीच्या जुडग्यावरून सरकतं, टप पेलणाऱ्या पोकळ खांबातून उतरतं. टपावरच्या अँटेनाच्या बुडाचं रबर कडक झालं की थेंब आत येतो, अस्तराच्या वरच्या बाजूनं वायर धरून मीटरभर पुढं जातो, खांबात उतरतो आणि पुढच्या सीटच्या पायाशी प्रकट होतो. वर अस्तरावर डागसुद्धा नसतो. त्यामुळे ओल कुठं आहे यापेक्षा ती कधी येते हा प्रश्न जास्त कामाचा. उभ्या गाडीत पाऊस पडून गेल्यावर ओल येते की पावसात चालवल्यावरच? उघडलेल्या पावसानंतर नुसत्या ओल्या रस्त्यावरून गेल्यानंही येते का? तसं असेल तर पाणी चाकांनी उडवलेलं आहे आणि शोध मडगार्डच्या आत किंवा तळाच्या पत्र्यातल्या रबरी बुचांपाशी संपेल. गाडी नाक खाली करून लावली की पुढं पाणी आणि नाक वर केलं की काहीच नाही, असं होत असेल तर वर कुठंतरी पाणी साचून एका बाजूनं ओसंडतंय. ब्रेक मारल्यावर टपाच्या दिव्यातून थेंब पडला तर वर साठा आहे हे पक्कं समजावं.

पाइपनं पाणी मारून पाहण्याची चाचणी सगळेच करतात, बहुतेक जण उलटी. टपावर धार सोडली की पाणी काच, दार, बिजागऱ्या, सगळ्यावरून वाहतं. आत थेंब दिसतो, पण तो कुठला हे देवालाही सांगता येणार नाही. सुरुवात तळापासून करायची. पाइपचं तोंड मोकळं, दाब इतका कमी की धार वीतभर उंच उडावी, त्याहून जास्त नाही. आत दुसऱ्या माणसानं विजेरी घेऊन बसायचं, कार्पेट उचललेलं, दारं बंद. आधी उंबऱ्याची कड, मग दाराचा खालचा भाग, मग काचेखालची पट्टी, मग काच, मग दाराची वरची चौकट, शेवटी टप. प्रत्येक जागी पाच मिनिटं, आणि पुढच्या जागेकडे वळण्याआधी दोन-तीन मिनिटं नुसतं थांबायचं, कारण आतला थेंब आपल्या घड्याळानं चालत नाही. आतल्या माणसानं पाणी आलं म्हटलं की तिथंच थांबावं, पुसावं, संशयित जागेवर मास्किंग टेप लावून पुन्हा तीच पाच मिनिटं. टेप असताना बंद, काढल्यावर चालू, असं झालं तरच जागा सापडली म्हणायची. गाडी धुण्याच्या प्रेशर मशीननं ही चाचणी करू नये. त्या दाबाला चांगलं रबरही वाकतं आणि पाणी आत घेतं, आणि आपण निर्दोष रबर बदलून मोकळे होतो.

मला विचाराल तर पाइप हातात घेण्याआधीच बोनेट उघडावं. पुढच्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली जी जाळी असते, तिच्या आत घराच्या पन्हळीसारखा एक आडवा खड्डा असतो. पूर्ण काचेवरून उतरणारं पाणी तिथं पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकाच्या मागं खाली जातं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत दोन वर्षांत तिथं पानं कुजून काळी माती तयार होते. हात घातला की ओला गोळा निघतो, त्यात रुजलेलं बी सुद्धा. भोकं बुजली की पाणी चढतं, आणि त्याच खड्ड्यात ब्लोअरसाठी, म्हणजे आतल्या पंख्यासाठी, बाहेरची हवा आत घेणारं तोंड असतं. पातळी तिथवर गेली की पाणी सरळ आत येणारी हवा गाळणाऱ्या केबिन फिल्टरवर. फिल्टर काढून पाहावा: पाण्याचे पिवळे वेढे, खालच्या कडेला चिखल, पुठ्ठा फुगलेला असेल तर निकाल तिथंच लागला. माती हातानं काढायची. पाण्याच्या जोरानं खाली ढकलली तर ती भोकाच्या कोपऱ्यात जाऊन घट्ट बसते. मग मग्गाभर पाणी हळू ओतून दोन्ही बाजूंनी जमिनीवर पडतंय ना ते बघायचं. हे सगळं अर्ध्या तासाचं काम, आणि पुढच्या पायांशी येणारं पाणी बऱ्याचदा एवढ्यानंच थांबतं. फिल्टर बदलताना त्याचं झाकण किंवा वरची रबरी पट्टी नीट न बसवल्यानंही तिथून पाणी येतं, तेव्हा तेही पाहावं.

सनरूफच्या नळ्या बहुतेक गाड्यांत चार: पुढच्या दोन पुढच्या खांबांतून उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. काच उघडून पन्हाळ्याच्या एकेका कोपऱ्यात साधारण १०० मिलीलिटर पाणी हळू ओतावं. काही सेकंदांत ते पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत पडायला हवं. तिथंच साचून राहिलं तर नळी तुंबली. गुडूप झालं आणि खाली आलंच नाही तर नळी आत सुटली आहे आणि ते पाणी आत्ता खांबात उतरतंय. तुंबलेल्या नळीत गवत कापायच्या यंत्राची २ मिलिमीटरची नायलॉन दोरी, टोक विस्तवावर जरा गोल करून, फिरवत सारावी. लोखंडी तार घालू नये, ती नळीला भोक पाडते. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. वरच्या सांध्यावर नळी नुसती दाबून बसवलेली असते. हवेच्या एका फटक्यात ती निसटते आणि थोडं तुंबलेलं पाणी पुरतं गाडीत येतं. खालच्या टोकाला काही गाड्यांत चीर असलेली रबरी टोपी असते, कचरा तिथंच अडतो; ती बोटांनी चिमटली तरी मोकळी होते.

दाराबद्दल मला विशेष बोलायचंय, कारण तिथली गळती माणसानं केलेली असते. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पॅनेल काढला की पत्र्यावर एक पातळ प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला दिसतो. कडेनं काळ्या, चिकट ब्युटाइल रबराची दोरी. दाराच्या पोटात उतरलेल्या पाण्याचे शिंतोडे आतल्या बाजूला येऊ नयेत एवढंच त्याचं काम. काच वर-खाली करणारं यंत्र बिघडतं, कुणी नवे स्पीकर बसवतं, तेव्हा हा पडदा अर्धा फाडून बाजूला केला जातो आणि काम झाल्यावर तसाच टेकवून पॅनेल ठोकला जातो. काम उत्तम झालेलं असतं, काच छान चालते, आणि पुढच्या पावसात उंबऱ्यावरून पाणी कार्पेटमध्ये. पॅनेल काढून पाहिलं तर पडद्याची खालची कड पत्र्याच्या बाहेर लोंबत असते. ती पत्र्याच्या फटीत आत वळवलेली हवी, म्हणजे थेंब पडद्यावरून घसरून दाराच्या पोटात परत जातो. जुनी दोरी मळलेली असेल तर ती काढून पत्रा स्पिरिटनं पुसायचा, नवी ब्युटाइल दोरी सलग, जोड न देता लावायची आणि पडदा सगळीकडून अंगठ्यानं दाबत न्यायचा. सोपं काम आहे, करणारा मात्र विरळा. दार उघडताना आत पाणी खळखळलं तर खालची भोकं बुजली आहेत. काडीनं मोकळी केली की मळकं पाणी भसाभस पडतं.

डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात पाणी साठलं तर टेललाइट काढून त्यांच्या मागची गास्केट, म्हणजे फट बुजवणारी मऊ पट्टी, बघावी. दबून कागदासारखी चपटी झालेली असेल तर बदलावी. बंपरच्या मागं, पत्र्यात, हवा बाहेर जाऊ देणाऱ्या रबरी झडपांच्या चौकटी असतात. मागून एकदा ठोकर बसून दुरुस्ती झाली असेल तर त्या वाकड्या बसलेल्या सापडतात. डिकीच्या झाकणावरचा तिसरा ब्रेकलाइट आणि टपाच्या कडेच्या खोबणीतलं जोडाचं सीलर, हेही संशयित. त्या खोबणीवरची रबरी पट्टी उचलली तर खाली सीलरला केसाएवढी तडा दिसते, पट्टी असताना ती कधीच दिसली नसती. खळग्याच्या तळातलं बूच काढून पाणी सोडून देणं आणि गाडी तशीच वापरणं हा मार्ग काही जण सुचवतात. त्यानं खालून चाकांचं पाणी वर येतं, गंज मात्र तसाच राहतो.

पुढची काच एकदा बदललेली असेल तर तिच्या कडेवर लक्ष ठेवावं. सगळ्या काचा बंद करून, आतली हवा फिरवण्याचं बटण बंद ठेवून ब्लोअर पूर्ण जोरात लावायचा, शक्य असेल तर डिकीकडच्या हवेच्या झडपांवर टेप लावायची, म्हणजे आतला दाब जरा वाढतो. मग बाहेरून काचेच्या कडेनं ब्रशनं साबणाचं पाणी लावत जायचं. फट असेल तिथं बारीक बुडबुडे फुलतात. रबराची चाचणी त्याहून सोपी: दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सगळीकडे सारखा ताण लागला पाहिजे; जिथं पट्टी अलगद निघते तिथं रबर दबलेलं आहे किंवा दार जरा उतरलं आहे. दार उतरलेलं असताना नवं रबर घालून उपयोग होत नाही. आणि बाहेरच्या बाजूनं कुणी ज्यादा दिवे, अलार्म, हॉर्न बसवले असतील तर फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, त्यांची वायर कशी आत आणली ते आवर्जून पाहावं. ग्रोमेटला, म्हणजे पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्याला, भोक पाडून वायर घुसवलेली असते आणि पाणी तिच्यावरून निवांत आत येतं. वायरीला भोकाआधी खाली झोल दिला तरी पाणी झोलाच्या तळाशी गळून जातं.

सीलंटची पाळी आता. आंबूस वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन गाडीच्या पत्र्याला लावू नये. वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, पत्रा गंजतो, वर रंग धरत नाही, आणि पुढं योग्य सीलंट लावायचं म्हटलं तरी ते त्या थरावर चिकटत नाही. पत्र्याच्या जोडाला पॉलियुरेथेनचं सीलर, तेही जुनं खरवडून, गंज घासून, प्रायमर मारल्यावर. पडदे, दिव्यांच्या मागची बाजू, असं पुन्हा उघडावं लागेल तिथं ब्युटाइल. काचेच्या कडेचं सील सुटलं असेल तर वरून माखण्यात राम नाही. काच काढून, खालच्या पत्र्याचा गंज साफ करून युरेथेनच्या चिकटवणीनं पुन्हा बसवावी.

जागा सापडून दुरुस्त झाली तरी कार्पेट लगेच खाली टाकू नये. फोम दोन्ही बाजूंनी हात लावून कोरडा वाटेपर्यंत पंख्यासमोर ठेवावा; जाड फोमला काही दिवस लागतात, आणि ओल शोषणाऱ्या छोट्या पिशव्या लिटरभर पाण्यापुढं काही करू शकत नाहीत. तोवर सीटखालचे आणि उंबऱ्यालगतचे सगळे कपलर एकेक सोडून पाहावेत. पिनांवर हिरवट पूड दिसली की कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा फवारा) मारून मऊ ब्रशनं घासावं. आज सोडून दिलं तर ती पूड काही महिन्यांनी खिडकी अडकण्याच्या किंवा बॅटरी आपोआप उतरण्याच्या रूपानं समोर येते, आणि तेव्हा त्याचा पाण्याशी संबंध कुणी लावत नाही. पत्र्यावर नवा टिश्यू अंथरून, कार्पेटची कड ठोकळ्यावर तशीच ठेवून, दोन-तीन मोठे पाऊस जाऊ द्यावेत. त्यातला निदान एक उभ्या गाडीवर आणि एक चालत्या गाडीवर पडलेला असावा. दोन्ही वेळा टिश्यू कोरडा निघाला की उंबऱ्याच्या पट्टीच्या तुटलेल्या क्लिपा बदलून ती ठोकून बसवायला हरकत नाही.